दुधात तरंगणारी रिफिल

मी चौथीत होते तेव्हा आमच्या घरात बारा महिने आटलेल्या दुधाचा वास असायचा. दूध मात्र नसायचं. वास आईच्या लुगड्याला यायचा. ती सदाअण्णांच्या खव्याच्या भट्टीवर कामाला होती. आमचं गाव भूमपासून एसटीनं अर्ध्या तासावर. आमच्याकडं जमिनीला पाणी कमी, पण आमचं घर सोडलं तर घरटी म्हैस आहे, आणि म्हैस आहे म्हणून खव्याची भट्टी आहे. सकाळी गावचं दूध किटल्यांतून भट्टीवर यायचं आणि आई कढईपुढं उभी राहून ते उलथण्यानं हलवत राहायची. हात थांबला की दूध करपायचं, दूध करपलं की अण्णांचं तोंड सुटायचं. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, बांगड्या भराव्यात तसे एकाखाली एक. दादा, म्हणजे माझे वडील, बाभळीवरून पडले तेव्हापासून त्यांचा खांदा कामातून गेलेला. चार शेळ्या राखणं तेवढं त्यांच्याच्यानं व्हायचं. घर चालायचं ते त्या डाग पडलेल्या मनगटावर.

भट्टीवर एक रीत होती. खवा काढून घेतल्यावर कढईच्या बुडाला जी खरवड राहते ती कामवालीची. आई ती पळसाच्या पानात बांधून आणायची आणि मी अन् माझी धाकटी बहीण तिच्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर भट्टीवर खवा कमी पडायला लागला. दूध मापाला पुरतं, जळण पुरतं, खवा मात्र मापाच्या हिशेबानं रोज किलो-दीड किलोनं कमी. अण्णा सरळ काही बोलले नाहीत. एक दिवस आईच्या हातातल्या पानाकडं बघून एवढंच म्हणाले, "खरवड आजकाल जड व्हाय लागली का गं?"

आईनं त्या दिवसापासून खरवड आणणं बंद केलं. आणि दादांनी घरात सांगून टाकलं, "काम सुटलं तर तू रोजानं जा, म्या कुठं राखणीला बसतो. शेळ्या कोमल राखील. चौथीपोतर शिकली, लई झालं." कोमल म्हणजे मी.

नेमक्या त्याच दिवसांत शिवमूर्तीमामा आमच्या शाळेत आले.

आले ते लुनावरून. मागं सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधलेली पत्र्याची पेटी, अंगात खाकी शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि डोळ्यांत अशी चमक की आत्ताच कुणाची तरी चप्पल लपवून आलेत. ते मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मुरूम गावाकडचे, घरात कानडी बोलणारे. भूमच्या एका हायस्कुलात ते प्रयोगशाळेचे परिचर होते. परिचर म्हणजे परीक्षानळ्या धुणारा, दिवे पुसणारा, सरांनी मागितलं ते हातात देणारा. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचंच एक काम काढलं. खेड्यापाड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा गाठायच्या आणि शनिवारी पोरांकडून प्रयोग करून घ्यायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. खाकी शर्टही निवृत्तीनंतर सोडला नव्हता. गुरुजींनी विचारलं तर म्हणाले, "नोकरी संपली गुरुजी, कापड न्हाय संपलं."

पेटीत आम्हाला वाटलं दुर्बीण असेल, हाडांचा सापळा असेल. निघालं काय, तर फुटके फुगे, जुन्या चपलांचे तळ, सलाईनच्या नळ्या, वाळलेल्या रिफिली, जनावरांच्या दवाखान्यातून आणून उकळून घेतलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. आमच्यातला एक म्हणालाच, "मामा, ह्ये तर भंगारवाल्याचं हाय."

"हौदा?" मामा म्हणाले.

हौदा म्हणजे कानडीत 'असं होय?'. हा त्यांचा लाडका शब्द. कुणी काहीही सांगितलं की मामा हौदा म्हणणार, आणि म्हणताना भुवया अशा वर नेणार की सांगणाऱ्याला स्वतःचीच शंका यावी. दुसरा शब्द 'नोड', म्हणजे बघ. प्रयोग जमला की ते टाळ्या वाजवायचे नाहीत, शाबास म्हणायचे नाहीत. नुसतं नोड म्हणून बाजूला व्हायचे. पोरींना अक्का म्हणायचे, पोरांना अप्पा. महिनाभरात आमची सगळी चौथी हौदा-हौदा करायला लागली. कीर्तनाला गेलो तर तिथंही. बुवांनी सांगितलं, स्वर्गात अमुक आहे, की मागून बारीक आवाजात, "हौदा?" त्यापायी पाठीत धपाटे खाल्लेली निदान सहा पोरं मला आजही नावानिशी सांगता येतील.

मामांची एक खोड होती. प्रयोगासाठी ते कायम सगळ्यांत मोठा माणूस धरायचे. एकदा खिचडी वाढताना गुरुजींच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर हळदीचा डाग पडला. गुरुजींनी तो साबणानं चोळला तर डाग लालभडक झाला. गुरुजी घाबरले. घरी बाईंना काय सांगायचं, कुंकू कुणाचं म्हणून? मामांनी लगेच आम्हाला सगळ्यांना पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं. गुरुजींची बाही एका बादलीत साबणाच्या पाण्यात, मग दुसऱ्या बादलीत लिंबाच्या पाण्यात. लाल, पिवळा, पुन्हा लाल, पुन्हा पिवळा. अख्खा तास गुरुजी एक हात बादलीत घालून उभे. शेवटी म्हणाले, "मामा, शर्ट काढून देऊ का?"

"नगं गुरुजी. आत माणूस असला की पोरं नीट बघत्यात."

दुसऱ्यांदा सापडले ते तालुक्याहून आलेले साहेब. कुणीतरी कागाळी केली होती की शाळेत कोणी बाहेरचा माणूस येऊन शिकवतो. साहेबांनी खुर्चीत बसून वही उघडली. "तुमची शैक्षणिक पात्रता काय?"

"धावी नापास, सायेब."

"कशात?"

"विज्ञानात."

आम्ही हसलो. गुरुजींनी डोळे वटारले. साहेबांनी पेन खाली ठेवलं, "आणि तुम्ही विज्ञान शिकवता?"

"न्हाय, न्हाय. शिकवायला तुमी हायेत की." मामांनी पेटीतून एक बाटली काढली, आडवी धरली आणि तिच्या तोंडात कागदाचा एवढासा बोळा ठेवला. "म्या नुसतं सामान देतो. ह्यो बोळा फुंकून बाटलीत घाला, सायेब. पदवीवाल्या माणसाला सोपं हाय."

साहेबांनी हलकेच फुंकलं. बोळा बाहेर आला. जोरात फुंकलं. बोळा सण्णकन उडून त्यांच्या चष्म्यावर बसला. तिसऱ्यांदा गाल फुगवून फुंकलं तर थेट मिशीत. साहेब लाल झाले, मग आमच्याकडं बघून त्यांनाच हसू फुटलं. ते म्हणाले, "का येतो हा बाहेर?"

मामांनी आमच्याकडं हात केला. "पोरास्नी इचारा."

बाटली रिकामी दिसते पण ती हवेनं भरलेली असते, फुंकलेली हवा आत घुसली की आतली हवा तिच्यासोबत बोळा बाहेर ढकलते, हे साहेबांना आम्ही सांगितलं. वहीत त्यांनी काय लिहिलं ते माहीत नाही. जाताना बाटली मात्र मागून घेऊन गेले.

आता दुधाची गोष्ट. मामांनी एका शनिवारी तरंगणं शिकवायला घेतलं होतं. इंजेक्शनच्या बाटलीत सायकलच्या बेअरिंगच्या गोळ्या टाकायच्या, रबरी बुचाला भोक पाडून त्यात वाळलेली रिफिल उभी बसवायची. हे पाण्यात सोडलं की बाटली बुडते आणि रिफिलीचा थोडासाच शेंडा वर राहतो. तिथं खूण करायची. मग मीठ घातलेल्या पाण्यात सोडलं की रिफिल चांगली वर उचलली जाते. पाणी जितकं दाट तितकी रिफिल वर. मामा म्हणाले, "मिठाचंच कशाला? दूधबी पान्यापेक्षा दाट." शाळेशेजारच्या घरातून फुलपात्रभर सकाळचं दूध आणलं. रिफिल पाण्याच्या खुणेपेक्षा दोन बोटं वर आली. त्यात पाणी ओतलं तर खाली उतरली. अजून ओतलं, अजून उतरली.

"नोड," मामा म्हणाले.

मी बघितलं. मला दूध दिसलंच नाही. मला अण्णांची भट्टी दिसली, किटल्यांची रांग दिसली, आणि कमी पडणारा खवा. कुणीतरी दुधात पाणी घालत होतं आणि नाव माझ्या आईवर येत होतं. मी मामांना काही बोलले नाही. ती रिफिल बाटलीसकट फ्रॉकच्या खिशात घातली आणि घरी आले.

सोमवारी सकाळी, शाळेच्या आधी, मी आणि वर्गातली चार पोरं भट्टीवर जाऊन उभी राहिलो. पहिली किटली हिराआजीची. ही आमच्याच आळीतली म्हातारी, एकटी राहायची, एक म्हैस बाळगून होती. धार काढली की थेट भट्टीवर, दुधावर फेस तसाच. मी तिच्या दुधात रिफिल सोडली. रिफिल खाली गेली, पार पाण्याच्या खुणेजवळ.

"पाणी! आजीच्या दुधात पाणी!" आम्ही पाचही जणांनी एकदम कालवा केला.

सगळी भट्टी थांबली. हिराआजीनं किटली खाली टेकवली. मग तिथंच फुफाट्यात बसली. "म्हशीला पेंड घालून म्या कोरा च्या पिते गं," ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् तू मला पान्याची म्हनती?" तिनं किटली उचलली आणि दूध न देताच परत गेली.

आईनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिली. तेवढ्यानं भागलं नाही. अण्णा तिला म्हणाले, "सवताचं झाकायला लेकरं म्होरं करती व्हय? ह्या आयतवारपोतर काम कर. सोमवारपासनं दुसरी बाई बघतो."

शेळ्यांची काठी दादांनी माझ्या उशाला आणून ठेवली. शनिवारी मी शाळेत गेले ती मामांची रिफिल परत करायला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. पाच जणांतलं कुणीही सुटणार नाही असं वाटत होतं, पण ते चिडले नाहीत. विचारलं एवढंच, "दूध ऊन हुतं का गार?"

कुणी बघितलंच नव्हतं.

मामांनी शाळेशेजारच्या काकूंना आमच्यासमोर धार काढायला लावली. ते ऊन दूध, फेसासकट, फुलपात्रात. रिफिल सोडली. ती खाली गेली, हिराआजीच्या दुधात गेली होती तशीच. काकूंनी पदर खोचला, "मामा, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत काढलंय!" मामांनी ते फुलपात्र माठाच्या गार पाण्यात ठेवलं. अर्धा तास आम्ही त्याच्याभोवती बसून होतो, असे गप्प की गुरुजी दोनदा डोकावून गेले. दूध गार झालं, फेस बसला. पुन्हा रिफिल सोडली. दोन बोटं वर.

या वेळी मामा नोड म्हणाले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "ऊन दूध पातळ आसतंय, वर फेसाची हवाबी त्यात. म्या सांगितलंच न्हाय. आन् तुमी एकदाच मोजलं. एकदा मोजून गप बसायचं. दोनदा मोजून इचार करायचा. तीनदा मोजल्यावर मग तोंड उघडायचं."

मग आमची वरात हिराआजीच्या दारात. पुढं मामा, मागं आम्ही पाच. मामांनी हात जोडले, "अक्का, चूक माजी. पोरास्नी अर्धंच शिकवलं."

हिराआजीनं मामांना पायापासून विभूतीपर्यंत बघून घेतलं. "माफीचं काय करू? म्हस धुवा."

आम्ही म्हैस धुतली. मामांनी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून शेपूट धरलं. म्हशीनं शेपूट सोडवून घेऊन शेणासकट त्यांच्या खाकी शर्टावर मारलं, तेव्हा कुठं आजी हसली. मग पायरीवर बसून तिनं ते ऊन-गार सगळं पुन्हा एकदा समजावून घेतलं, स्वतःचं दूध गार करून स्वतः रिफिल सोडली आणि दोन बोटं वर आलेली बघितली. म्हणाली, "उद्या आयतवार. उद्या भट्टीवर या सकाळी. जे माझ्या दुधाला लावलं ते समद्याच्या दुधाला लागू दे."

रविवारी अण्णांना नाही म्हणायचं होतं. पण हिराआजी भट्टीच्या तोंडाशी किटली घेऊन बसली आणि तिच्या मागं निम्मी आळी उभी राहिली, तेव्हा त्यांना खुर्ची टाकून बसावंच लागलं. सगळ्या किटल्या अण्णांच्याच पाण्याच्या टाक्यात गार करायला ठेवल्या. मामांनी रिफिल माझ्या हातात दिली, "तूच मोज, अक्का. तीनदा." आई कढईपाशी उभी होती, हात पदरात घेऊन. माझ्याकडं बघत नव्हती.

हिराआजीचं दूध, दोन बोटं. तिन्ही वेळा. आजीनं सगळ्यांकडं एकदा मान फिरवली. पुढच्या किटल्या ठीक. एका गड्याच्या दुधात रिफिल थोडी उतरली, त्यानं आपणहून डोकं खाजवलं. उरली शेवटची, सगळ्यांत मोठी कॅन. मी रिफिल सोडली आणि ती सुळकन खाली गेली. मी मामांकडं बघितलं. मामा आभाळाकडं बघत होते. दुसऱ्यांदा सोडली. तिसऱ्यांदा सोडली. मग तोंड उघडलं.

"ह्यात पाणी हाय."

"कुणाची हाय ती?" अण्णा खुर्चीतून गरजले.

हिराआजीनंच उत्तर दिलं, "तुजीच हाय की रं, सदा."

अण्णांच्या घरच्या म्हशींचं दूध! तेवढ्यात अण्णांची म्हातारी आई काठी टेकत आली. तिला कळेना गर्दी कशाची. सांगितल्यावर ती आमच्यावरच खवळली, "पानी? म्या कशाला पानी घालू? घरात दिवाळीला चार म्हशी आनल्या ह्यानं. आठ भांडी निघत्यात धारेची. भांड्याला दूध चिकटून ऱ्हातंय, ते वाया घालवू व्हय? एकेक तांब्या पानी घालून भांडं इसळती आन् त्ये कॅनीत वतती. थेंब वाया जाऊ देत न्हाय म्या!"

दुधाचा थेंब वाचवायला म्हातारी रोज आठ तांबे पाणी कॅनमध्ये ओतत होती. आणि ते पाणी उडून जाईपर्यंत माझी आई कढईपुढं उभी राहत होती, वर चोर ठरत होती.

हसू आधी कुणाला फुटलं ते आठवत नाही. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी कॅनवर झाकण घातलं. मग आईला म्हणाले, "उद्या येळंवर ये." खुर्ची उचलत म्हणाले, "आन् खरवड नेत जा."

आईनं पदरातून हात काढला. "मोजून द्या, अण्णा. न्हायतर परत म्हनाल, जड झाली."

"नोड," शिवमूर्तीमामा माझ्या कानाशी म्हणाले. रिफिलीकडं नव्हे, आईकडं बघत.

काठी दादांनी आपल्या उशाला नेली. मी पाचवीत गेले. मामा पुढची तीन-चार वर्षं येत राहिले, मग लुना थकली, मग तेही. मी दहावीनंतर उस्मानाबादला कॉलेजात गेले. अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी मखमलीच्या डबीतून एक काचेची नळी काढली, खाली फुगा आणि वर आकड्यांची दांडी. सर तिचं इंग्रजी नाव सांगत होते. मी मनात म्हटलं, ही तर मामांची रिफिल, नुसती अंघोळ करून आलेली. तास संपल्यावर ती नळी धुवायला आलेल्या परिचरांना मी नमस्कार केला. ते बिचकले. त्यांना वाटलं मी काहीतरी फोडलं.

बी.एस्सी.चा निकाल लागला तोपर्यंत एसटीच्या पाट्यांवर धाराशिव आलं होतं. मी आईच्या हातचे पेढे घेऊन मामांच्या घरी गेले. मामा दारात बाजेवर बसलेले, खाकी शर्ट विरून पांढरट झालेला, डोळ्यांत मोतीबिंदू. मी पाया पडून निकाल सांगितला.

"हौदा?" भुवया तेवढ्याच वर.

मग उशीखालून आयोडीनची बाटली काढली. उशीखाली लोक जपमाळ ठेवतात. त्यांनी एक पेढा बशीत कुस्करायला लावला, वर थेंब टाकायला सांगितला. खव्यात पीठ असेल तर थेंब निळा-काळा होतो. "मला आता रंग दिसत न्हाय. तू सांग."

"तपकिरीच हाय, मामा."

"परत टाक."

मी दुसऱ्यांदा टाकला, मग न सांगता तिसऱ्यांदा. "तपकिरी," मी म्हणाले.

मामांनी चाचपडत डब्यातला दुसरा पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

"मामा, हा तर तपासलाच न्हाय!"

"ह्यो तुज्या आईच्या हातचा," ते पेढा घोळवत म्हणाले. "ह्येला कशाला तपासायचं?"

"मग तो पहिला?"

"त्यो तुजी परीक्षा हुता. एकदाच टाकून गप बसतीस का, ते बघायचं हुतं." आणि चप्पल लपवलेल्या पोरासारखे हसले. मी वळणावरून मागं बघितलं तेव्हा ते डबा मांडीवर घेऊन पुढचा पेढा काढत होते. त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही.

आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. प्रथम श्रेणीत झाले आणि आज दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत पगारी नोकरी करते. आई अजून खवा आटवते, पण आता तिच्यासकट पाच बायांनी मिळून घातलेल्या भट्टीवर. तिथं येणारं दूध आधी गार करतात आणि तीनदा मोजतात.